बॉबिन लेसला बसण्याआधीची जमवाजमव

बॉबिन लेस म्हणजे उशीवर टाचण्या खोचून, बॉबिन नावाच्या लाकडी दांड्यांवर गुंडाळलेले धागे एकमेकांत फिरवत विणलेली जाळी. तिच्या सामानाच्या यादीत पहिलं सूत, आणि सोलापूरकर फसतो तो इथेच. ओळखीत कुणाचा तरी माग असतोच, तिथून टॉवेलच्या सुताचा अर्धा कोन फुकट मिळतो आणि त्याचीच लेस करायचं ठरतं. आधी वीतभर धागा उजेडात धरून बघा. टॉवेलच्या फासाचं सूत मुद्दाम सैल पिळाचं ठेवतात, पाणी शोषायला. लेसमध्ये एकच धागा शेजारच्या धाग्यांवर शेकडो वेळा घासत जातो, त्यामुळे असं सूत फुलतं, त्याला लव येते आणि जाळीची भोकं बुजतात. ते सरावाला ठेवा. खऱ्या कामाला घट्ट पिळाचा, मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चकाकी आणि मजबुती आणलेला) सुती धागा हवा. क्रोशाचा २० किंवा ४० नंबर सुरुवातीला उत्तम. मागवाल्यांचा काउंट आणि क्रोशाचा नंबर, दोन्हींत आकडा वाढला की धागा बारीक होतो, पण दोन्ही मोजमापं वेगळी आहेत. म्हणून ‘चाळीसचं द्या’ एवढ्यावर दुकानातून परतू नका.

लिननचा मोह टाळा, निदान जूनपर्यंत. युरोपातल्या जुन्या लेसा लिननच्या आहेत हे खरं, पण कोरड्या हवेत ते सूत ठिसूळ होतं. फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, अतिबारीक लिनन ओलसर तळघरात बसून कातायचे ते याचसाठी. एप्रिल-मे महिन्यांतली आपली हवा त्या तळघराच्या अगदी उलट.

धागा ठरला की नमुना त्याच्या मापाने काढायचा. छापील नमुना आधी निवडून मग त्याला धागा शोधत बसलात तर लेस एक तर पुठ्ठ्यासारखी दाटते, नाही तर विरविरीत होते. मोजायची रीत सोपी आहे. पट्टीवर धागा शेजारी शेजारी गुंडाळा, न ताणता, न दाबता, आणि एका सेंटिमीटरात किती वेढे बसतात ते मोजा. टॉर्शन जातीच्या लेसला सरळ काठावरच्या दोन टाचण्यांमध्ये साधारण १० ते १२ वेढ्यांचं अंतर लागतं. सेंटिमीटरला २० वेढे बसत असतील तर ते अंतर ५ ते ६ मिलिमीटर. ६ धरा, नवख्या हाताला मोकळं बरं.

टॉर्शनच सुचवते, कारण तिची सगळी भूमिती ४५ अंशांच्या तिरप्या चौकटीवर उभी असते आणि शाळेच्या आलेखाच्या कागदावर ती स्वतः काढता येते. ३ मिलिमीटर उजवीकडे आणि ३ खाली, असं तिरपं जात टाचण्यांच्या जागी ठिपके द्या, काठावर ६ मिलिमीटरचं अंतर आपोआप येतं. हनिटन किंवा बक्स पॉइंट या नाजूक इंग्लिश लेसांची चित्रं कितीही भुरळ घालोत, ती पुढची पायरी. पहिला नमुना दोन बोटं रुंदीची पट्टी असू द्या, मग खणाच्या चोळीच्या बाहीला किंवा बाळाच्या टोपड्याला लावण्याजोगा काठ. कागद जाड कार्डावर चिकटवून प्रत्येक ठिपका सुईने आधीच टोचून घ्या, सुई अगदी उभी धरून. हे कंटाळवाणं काम टाळलं की पुढे टाचण्या तिरक्या बसतात आणि काठ नागमोडी होतो.

उशीवर मात्र वेळ खर्च करा. झोपायच्या उशीवर ही लेस होत नाही, कापसात टाचणी उभी राहत नाही. मांजरपाटाची दुहेरी गोल पिशवी शिवा, सोळा इंच व्यासाची. वखारीतून लाकडाचा भुसा आणा, चाळून दोन दिवस उन्हात वाळवा आणि बत्त्याने ठोकून ठोकून भरा. आता मावणार नाही असं वाटलं की अजून दोन ओंजळी जातात. मधे थोडा फुगवटा हवा म्हणजे बॉबिन कडेला उतरून पडून राहतात. वर जुन्या घोंगडीचा एक थर घातला तर टाचणीला पकड फार छान मिळते. सगळ्यावर गडद, एकरंगी, गुळगुळीत सुती कापड. पारख अशी: अर्धी खोचलेली टाचणी धाग्याने ओढून बघा. ती कलली तर पिशवी उसवा आणि आणखी भुसा भरा. याला पर्याय नाही.

बॉबिन खरादीकडून करून घेता येतात. दहा सेंटिमीटर लांबी, वर धागा गुंडाळायला बारीक मान, त्यावर टोपी, खाली पकडायला दांडा. लाकूड कुठलंही चालेल, कूस मात्र एकही नको. नमुन्याला एक करून आणायला सांगा, हातात फिरवून बघा, मगच बाकीचे. बारा जोड्या, म्हणजे चोवीस, पुरतात. इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या बायका बॉबिनच्या टोकाला मण्यांचं कडं लावत. शोभा होतेच, शिवाय त्या वजनाने धागा ताणलेला राहतो आणि बॉबिन गडगडत नाही. आपल्याकडे तुटलेल्या माळांचे मणी कुठल्या घरात नाहीत?

ऑनलाइन सामान शोधताना ‘लेस’ एवढंच लिहिलं तर आंध्रातल्या नरसापूरची लेस समोर येते. ती सुंदर असते, पण ती क्रोशाची. उशीवरची लेस १८२० च्या सुमारास मिशनरी बायकांनी तमिळनाडूतल्या नागरकोइल भागात शिकवायला सुरुवात केली होती, तेव्हा ‘पिलो लेस’ असंही शोधून बघा.

टाचण्या पितळी किंवा स्टेनलेसच्या, बारीक आणि लांब. ऑफिसातल्या आलपिनी नकोत, घामेजल्या बोटांनी त्या गंजतात आणि पांढऱ्या धाग्यावर तांबडा डाग ठेवतात. बारीक कात्री आणि क्रोशाची सगळ्यात लहान सुई जवळ असू द्या.

जोडी भरताना दीड-दोन मीटर धाग्याची दोन्ही टोकं दोन बॉबिनवर गुंडाळायची, मधे गाठ नाही. मानेपाशी एक फास घातला की धागा आपोआप उलगडत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत, कांड्या भरत मोठ्या झालेल्या बायका हे काम बघता बघता उरकतात. जी जोडी आडवी सगळ्यांतून फिरणार तिच्यावर धागा बराच जास्त घ्या, तीच आधी संपते.

सरावाला पहिले चार बॉबिन चार रंगांचे भरा. हालचाली दोनच आहेत. क्रॉस म्हणजे डावीकडून दुसरा तिसऱ्यावरून. पीळ म्हणजे दुसरा पहिल्यावरून आणि चौथा तिसऱ्यावरून. आकडे जागेचे, बॉबिनचे नव्हेत, आणि रंग असले की हे तोंडाने समजवावं लागत नाही. क्रॉस, पीळ, क्रॉस केलं की कापडासारखी दाट वीण. क्रॉस, पीळ एवढंच केलं की अर्धा टाका. अर्धा टाका, टाचणी, पुन्हा अर्धा टाका ही टॉर्शनची साधी जाळी. आधी वीतभर नुसती दाट पट्टी विणा, जाळीची घाई नको.

बसायची जागा खिडकीजवळ, उशी चौरंगावर किंचित आपल्याकडे कललेली. पंखा एक नंबरवर, नाही तर हलके बॉबिन जागा सोडतात. घराला लागून माग असेल तर उशीवर कायम फडकं, कारण उडणारी सुताची लव थेट जाळीत बसते. टाचण्या मागून काढत चला, पण निदान चार बोटं विणकामातल्या तशाच राहू द्या, लवकर काढल्या की वीण आकसते. अर्धवट ठेवून उठायचं असेल तर बॉबिन आहेत त्याच क्रमाने रुमालात गुंडाळून दोन्ही बाजूंनी टाचून टाका, आणि उशी कपाटावर, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच.