बाळ गमावलेल्या घराची सोबत: डूलाच्या ऑनलाइन प्रशिक्षणाआधीची तयारी

पोटातले किंवा नुकते जन्मलेले बाळ ज्या घरातून जाते, त्या घराच्या सोबतीला राहणाऱ्या डूलांचे प्रशिक्षण आता बरेचसे ऑनलाइन होते आणि मराठी विद्यार्थिनी ज्या वर्गांना जातात ते बहुधा अमेरिका, ब्रिटन किंवा कॅनडातून चालतात. अशा विद्यार्थिनींना सुरुवातीच्या आठवड्यांत मी मदत करते. नाव नोंदवल्यानंतरचे त्यांचे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात आणि त्यांतले बहुतेक प्रश्न खरे तर तयारीचेच असतात, म्हणून वर्ग सुरू होण्याआधी काय हाताशी ठेवावे आणि मनाशी काय ठरवावे ते त्या प्रश्नांच्या ओघानेच लिहीत आहे.

डॉक्टर किंवा परिचारिका नसताना हा अभ्यासक्रम करता येतो का, हा पहिला प्रश्न. करता येतो. डूला तपासत नाही, औषध सांगत नाही, सोनोग्राफीच्या अहवालाचा अर्थ लावत नाही. आईजवळ बसणे, डॉक्टरांना काय विचारायचे ते तिला आठवून देणे, बाळाला पाहायचे की नाही हे ठरवायला तिला उसंत मिळवून देणे, आणि ती घरी गेल्यावरही पुढचे काही आठवडे तिच्या संपर्कात राहणे हे तिचे काम. भारतात या कामासाठी कायद्याने नोंदणी किंवा परवाना नाही, त्यामुळे हाती येणारे प्रमाणपत्र हा प्रशिक्षण झाल्याचा दाखला आहे, रुग्णालयात शिरण्याचा हक्क नव्हे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक स्त्री सोबतीण असू द्यावी असे ठरवले. तरी आपल्या गावातल्या प्रसूतिगृहात कोणाला आत सोडतात, याची चौकशी अभ्यासक्रम सुरू होण्याआधीच करून ठेवावी.

दुसरा प्रश्न बहुतेक जणी फोनवर, आवाज खाली आणून विचारतात: माझेच बाळ गेले आहे, मी हे काम करू शकेन का? या प्रश्नाला मी कधीही घाईने उत्तर देत नाही. काही संस्था स्वतःच्या दुःखानंतर ठरावीक काळ जाऊ द्या असे सांगतात, पण महिने मोजून याचा निवाडा होत नाही, कारण एखादी सहा महिन्यांत सावरते आणि एखादीला सहा वर्षांनीही सातव्या महिन्याच्या डोहाळजेवणाचे बोलावणे आले की घशात आवंढा येतो. तयारी म्हणून मी एवढेच सुचवते की आपली हकिकत एकदा कागदावर पूर्ण लिहावी. तारीख, खोली, कोण काय बोलले, बाळाला कोणी उचलले, परत येताना गाडीत कोण कुठे बसले होते, हे सगळे त्यात यावे. मग विश्वासाच्या एका माणसासमोर ती मोठ्याने वाचावी. वाचताना रडू आले तर त्यात वावगे काही नाही. मात्र दुसऱ्या बाईची हकिकत ऐकताना आपली सांगण्याची उबळ आवरत नसेल, तर नाव पुढच्या तुकडीत घालावे; जिच्या खोलीत आपण जाणार आहोत, तिथे त्या दिवशी जागा तिच्याच बाळाला असली पाहिजे. ज्यांचे असे काही झालेले नाही, त्यांनीही आपल्या घरातले जुने मृत्यू आणि ते कोणी कसे सोसले, हे लिहून पाहावे. आजीची दोन मुले लहानपणीच गेली होती एवढेच आपल्याला माहीत असते, त्यांची नावे घरात कोणालाच ठाऊक नसतात, असे अनेकींना तेव्हा पहिल्यांदा लक्षात येते.

इंग्रजी पुरेसे येत नाही, जमेल का, असेही विचारतात. वर्गापुरते इंग्रजी जमते. खरी अडचण उलटी आहे. शिकणार इंग्रजीत आणि बोलणार मराठीत, म्हणून एक जाड वही शब्दांसाठी वेगळी ठेवावी. डाव्या पानावर वर्गातला शब्द, उजव्या पानावर आपल्या भागातल्या बायका जे म्हणतात ते. ‘खाली झाली’, ‘बाळ पोटातच दगावलं’, ‘दिवस गेले होते पण राहिलं नाही’ ही वाक्ये ऐकलेली असतात, ती तशीच टिपावीत. सरकारी कागदावर मृत जन्मलेल्या बाळासाठी ‘उपजत मृत्यू’ असा शब्द आहे. तो आईच्या तोंडावर उच्चारू नये, पण नोंदणीच्या खिडकीपाशी तो ठाऊक असावा लागतो. त्याच वहीत न बोलायच्या वाक्यांना एक पान द्यावे. ‘देवाची इच्छा’, ‘अजून वय आहे, दुसरं होईल’, ‘बरं झालं लवकर गेलं, लळा लागला नव्हता’ ही वाक्ये प्रेमाने बोलली जातात आणि खोल लागतात. त्यांच्या जागी काय बोलायचे, तेही लिहून मोठ्याने म्हणून पाहावे. ‘मी इथेच बसते, बोललीच पाहिजेस असं नाही’ हे साधे वाक्यसुद्धा सवय नसेल तर ऐन वेळी तोंडातून फुटत नाही.

परदेशी पाठ वाचताना एक फरक पहिल्यापासून ध्यानात ठेवावा. त्यांत बाळाला पोटात असतानाच नाव असते, मुलगा की मुलगी हे आईबापांना माहीत असते, खोली रंगवलेली असते. आपल्याकडे 1994 च्या कायद्याने लिंगनिदान सांगणे बंद आहे, नाव बहुधा बाराव्या दिवशी बारशाला ठेवतात आणि जन्माआधी कपडे आणणेही कित्येक घरांत टाळतात. त्यामुळे मराठी आईला मुलगा होता की मुलगी, हे कळण्याचा क्षण आणि निरोपाचा क्षण एकच असतो. हा विषय वर्गात निघणार नाही. आपणच काढावा आणि शिक्षिकेला सांगावा.

कायद्याची माहिती एका पानावर मावते, म्हणून ते पान आधीच तयार करावे. पाठातले आकडे त्या त्या देशाचे असतात: अमेरिकेत साधारण 20 आठवड्यांनंतरचे, ब्रिटनमध्ये 24 आठवड्यांनंतरचे मृत बाळ मृतजन्म धरतात, तर भारतात नोंदणीसाठी 28 आठवड्यांची मर्यादा आहे आणि नोंद 21 दिवसांत करायची असते. 28 आठवड्यांच्या आत गेलेल्या बाळाची अशी नोंद होत नाही, हे आईबापांना फार लागते, आणि ते त्यांना खिडकीपाशी अचानक कळू नये. नोकरी करणाऱ्या आईला गर्भपातानंतर 6 आठवड्यांची पगारी रजा 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली आणि त्या कायद्याच्या व्याख्येत मृत जन्मलेले बाळही ‘मूल’ होते; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि ही रजा तिच्यातही आहे. कित्येक कुटुंबे हे माहीत नसल्याने आठव्या दिवशी बाईला कामावर पाठवतात. गंभीर व्यंगामुळे गर्भावस्था थांबवावी लागली असेल तर गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 24 आठवड्यांपुढचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. अशा घरात दुःखाबरोबर अपराधाची भावनाही असते, आणि त्या आईशी ‘तू ठरवलंस’ या शब्दांत कधी बोलू नये.

सामान काय लागते, हा सर्वांत सोपा वाटणारा प्रश्न, पण याच तयारीने मला स्वतःला सर्वाधिक शिकवले. सरावासाठी बाजारातली बाहुली घेऊ नका. जुन्या मऊ लुगड्याच्या तीन पिशव्या शिवा आणि त्यांत तांदूळ भरा: एकीत 300 ग्रॅम, दुसरीत 1 किलो, तिसरीत 3 किलो. साधारण विसाव्या आठवड्याचे, अठ्ठाविसाव्या आठवड्याचे आणि पूर्ण दिवसांचे बाळ एवढ्या वजनाचे असते. पहिली पिशवी एका तळहातावर मावते. ती दुसऱ्याच्या हातात देताना आपला हात आपोआप खालून जातो, अंगठा मानेच्या जागी येतो, श्वास थांबतो. हे शिकवावे लागत नाही. ती लहान दुपट्यात गुंडाळणे, तोंड उघडे ठेवणे, आईच्या हातात देऊन आपला हात हळूच काढून घेणे हे रोज दहा मिनिटे करावे. पावलांचे ठसे घेण्याचा सरावही आधी करावा. पोटात दगावलेल्या बाळाची त्वचा काही तासांतच नाजूक होते आणि चोळले तर सुटते, म्हणून पाऊल कागदावर दाबायचे नसते. शाई अगदी हलकी टेकवायची आणि पुठ्ठ्यावर लावलेला कागद पावलापाशी न्यायचा. याला दोन हात पुरत नाहीत, मावशी, आत्या, कोणीतरी जवळ लागते, आणि ज्या बाईने तो पुठ्ठा धरला तिला त्या बाळाची आठवण जन्मभर राहते. जावळाची बट ठेवायला छोटी पाकिटे, मऊ पांढरे सुती कापड, बोथट टोकांची कात्री आणि साधा कॅमेरा एवढे पुरे. यातले काहीही आईबापांना विचारल्याशिवाय करायचे नाही, आणि त्यांनी नको म्हटले तर पुन्हा एकदाच, हलक्या शब्दांत विचारायचे.

दुधाबद्दल कोणीच विचारत नाही, म्हणून ते मी आपण होऊन सांगते. बाळ गेले तरी दुसऱ्या ते चौथ्या दिवशी आईला दूध भरते, आणि बहुतेकदा तोवर ती घरी पोहोचलेली असते, खोलीत एकटी असते. हे होणार आहे असे तिला कोणीतरी आधी सांगितलेले असावे. दूध थांबवण्याचे औषध असते, ते डॉक्टरांनी ठरवायचे. एखादीला ते दान करावेसे वाटते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली, आणि आता इतरत्रही पेढ्या आहेत. आपल्या जिल्ह्यातली जवळची पेढी कोणती आणि ती अशा आईचे दूध घेते का, हे वहीत लिहून ठेवावे.

निरोपाचे प्रकारही गावात चौकशी करूनच कळतात. हिंदू घरांत इतक्या लहान बाळाला बहुधा दहन न करता पुरतात, आणि ते काम पुरुष घाईने उरकतात. आई रुग्णालयातच असते आणि जागा कुठे आहे, हे तिला कधी कळतच नाही. ती जागा तिच्यासाठी विचारून ठेवणे हे डूलाचे काम आहे. मुस्लिम घरात चार महिन्यांनंतरच्या बाळाला नाव व कफन देण्याचे अनेक उलेमा सांगतात, तर ख्रिस्ती घरात मृत बाळाला बाप्तिस्मा देत नसले तरी धर्मगुरू नाव घेऊन प्रार्थना करू शकतात. स्मशानभूमीतला कर्मचारी, जवळची मशीद, चर्च, विहार यांतल्या एकेका माणसाशी आधी ओळख करून घ्यावी.

वेळापत्रकाबाबत थोडक्यात: न्यूयॉर्कमधल्या संध्याकाळी सातच्या वर्गाला आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच वाजतात, कारण तिथली घड्याळे मार्चमध्ये व नोव्हेंबरमध्ये एक तास हलतात. फी कोणत्या चलनात आहे, हप्ते आहेत का, मध्येच थांबावे लागले तर पुढच्या तुकडीत बसू देतात का, हे लेखी घ्यावे. या कामावर लगेच घर चालेल असे मानू नये. मी पाहिलेल्या बहुतेक जणी सुरुवातीला हे दुसऱ्या कामाबरोबर करतात.

घरच्यांना मात्र आधी सांगावे. सासूबाईंना हा विषय अशुभ वाटू शकतो, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिच्या कानावर पहाटेच्या वर्गातले रडणे जाऊ नये, म्हणून हेडफोन आणि बंद दाराची खोली ठरवून घ्यावी. वर्गानंतर लगेच स्वयंपाकाला लागू नये. अर्धा तास मोकळा ठेवावा. मन फारच जड झाले तर कोणाला फोन करायचा त्या एका व्यक्तीचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, तिला तसे विचारून ठेवावे, आणि त्याखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहावा. पुढे हाच क्रमांक, त्याच अक्षरात, एखाद्या आईच्या उशाशी ठेवायच्या कागदावर आपल्यालाच उतरवून द्यायचा आहे.