डोलकाठीखालचा कुजलेला गाभा

फायबरग्लासच्या शिडाच्या बोटीचा डेक वरून एकसंध दिसला, तरी आत तीन थर असतात: वर-खाली फायबरची पातळ साल आणि मधे बाल्सा किंवा प्लायवूडचा गाभा. डोलकाठी डेकवरच उभी असेल तर तिचं वजन आणि तिला धरून ठेवणाऱ्या तारांचा ताण, सगळा जोर तळहाताएवढ्या जागेवर येतो. तिथल्या स्क्रूच्या किंवा वायरीच्या भोकातून पाणी मुरलं की गाभा कुजतो आणि दाबाखाली बसत जातो.

कुजल्याची लक्षणं अशी: तारा आवळल्या तरी पुन्हा सैल पडतात, काठीच्या बुडाभोवती बारीक चिरा दिसतात, आतल्या संडासाचं दार अडकायला लागतं. डेकवर प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज बद्द झाला की पेन्सिलीने खूण करा. मग केबिनच्या छतातून, वरची साल न फोडता, ५ मिमीचं भोक पाडा. ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. भुसा फिका, कोरडा आला तर तिथे गाभा शाबूत आहे. काळपट, ओला आला तर पुढे सरका.

डेक कापायच्या आधी काठीच्या बरोबर खाली, केबिनमधला खांब बघाच. डेकवरचा जोर हाच खांब कीलपर्यंत, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्यापर्यंत, नेतो. जुन्या कॅटालिना ३० या शिडाच्या बोटींमध्ये या खांबाखालचा लाकडी ठोकळा बिल्जच्या, म्हणजे तळाशी साचणाऱ्या, पाण्यात कुजतो आणि लक्षणं हुबेहूब डेक कुजल्याचीच दिसतात. तो तसाच ठेवून वर कितीही काम केलं तरी डेक पुन्हा खचणार.

भोकं पाडून इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) टोचण्याचा सल्ला हमखास मिळतो. ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही. इतरत्र एखाद्या छोट्या जागी चालून जाईल, डोलकाठीखाली नाही.

क्रेनने काठी उतरवा. खचलेला डेक आतून जॅक आणि फळी लावून हळूहळू मूळ उंचीवर आणा, नाहीतर खड्डा आहे तसाच पक्का होईल. वरची साल बहुधा ३ ते ५ मिमी असते. करवतीचं पातं तेवढंच खाली सोडा. कापलेली साल जपून ठेवा, पुन्हा बसवता येते. कुजका भाग छिन्नीने काढत कोरड्या, फिक्या लाकडापर्यंत जा. हात इथेच आखडतो आणि कडेला दोन बोटं ओलं लाकूड राहून जातं. खालची साल ४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, पंखा लावून काही दिवस वाळू द्या. कोकणात हे काम पावसाळ्यात काढूच नका.

नव्या गाभ्यासाठी बाल्सा नको, फोमही नको. जी-१० ची (काचतंतू आणि इपॉक्सीची) भरीव पाटी उत्तम. नाहीतर मरीन प्लायचे थर, सगळ्या कडा इपॉक्सीने बंद केलेले. आधी दोन्ही बाजूंना पातळ इपॉक्सी लावा, मग सिलिका घालून चक्क्याइतकी घट्ट केलेली इपॉक्सी पसरा आणि कडेने ती बाहेर येईपर्यंत दाबा. आत पोकळी राहिली तर वरची साल तिथेच तडकेल. नुसत्या इपॉक्सीने मोठा खड्डा एका दमात भरू नका. जाड थर तापून धूर सोडतो. उन्हाळ्यात स्लो हार्डनर घ्या.

साल परत बसवल्यावर सांध्याला दोन्ही बाजूंनी जाडीच्या १२ पट उतार द्या: ४ मिमी सालीला ४८ मिमी. त्यात ६०० ग्रॅम बायॲक्सियल (दोन दिशांना धागे असलेल्या) काचतंतूच्या कापडाचे पाच-सहा थर बसतात. इपॉक्सी सुकल्यावर वर येणारा मेणचट थर रंगाआधी पाण्याने, स्क्रबरने धुऊन काढा. जेलकोटपेक्षा (बोटीचा चकचकीत बाहेरचा थर) टू-पॅक पॉलियुरेथेन रंग बरा, कारण इपॉक्सीवर जेलकोट नीट सुकेलच असं नाही.

स्क्रूची भोकं आधी मोठी पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा आणि मग मधोमध योग्य मापाची पाडा, म्हणजे पाणी गळलं तरी गाभ्यापर्यंत जाणार नाही. काठी ज्यावर उभी राहते त्या बैठकीखाली ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावा. वायरी सपाट भोकातून न घेता उभ्या, वाकड्या मानेच्या नळीतून आत न्या. इपॉक्सीला पूर्ण ताकद यायला आठवडाभर द्या. त्यानंतर काठी उभी करून तारा अर्ध्याच ताणा, आणि खांबाचं डोकं डेकला घट्ट टेकलंय हे पाहूनच उरलेला ताण द्या.