हिशोबपट्टीच्या फाइलसाठी स्नॅपशॉट चाचणी कशी लिहावी

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीसाठी आम्ही हळदीच्या सौद्यांची पट्टी काढणारा प्रोग्राम सांभाळतो. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल हे सारे हिशोबात धरून तो एक फाइल तयार करतो आणि तिचीच छापील प्रत शेतकऱ्याच्या हाती पडते. त्या फाइलमधील प्रत्येक आकड्यासाठी वेगळी चाचणी लिहिण्याऐवजी, एकदा बरोबर ठरलेली संपूर्ण फाइल जपून ठेवायची आणि पुढे दरवेळी निघालेली नवी फाइल तिच्याशी अक्षरन्अक्षर ताडून पाहायची, ही स्नॅपशॉट चाचणीची पद्धत.

पहिला स्नॅपशॉट चाचणी चालवणारे साधन आपोआप लिहून देते, आणि धोका नेमका तेथेच आहे, कारण प्रोग्राम त्या क्षणी जे काढेल तेच, चुकीचे असले तरी, पुढे बरोबर मानले जाते. म्हणून नमुना कागदावर पडताळता येईल इतका लहान घ्यावा. 12.35 क्विंटल हळद, दर 14,250 रुपये, तर रक्कम 1,75,987.50 रुपये, ही पट्टी पेढीच्या दिवाणजींनी स्वतः हिशोब करून मान्य केल्यावरच फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, घालावी. दुसरा नमुना उचल रकमेपेक्षा जास्त असलेल्या शेतकऱ्याचा आणि तिसरा वेगवेगळ्या दरांच्या अनेक लॉटचा असावा. संपूर्ण दिवसाच्या सौद्यांचा शेकडो ओळींचा स्नॅपशॉट ठेवू नये. तो कोणी वाचत नाही.

यानंतर तोच नमुना दिला की तीच फाइल निघेल याची खात्री करावी लागते, आणि सर्वाधिक वेळ यातच जातो. नोंदींचा क्रम डेटाबेसच्या मर्जीवर न सोडता लॉट क्रमांकाने लावावा, रकमा पूर्णांक पैशांत साठवाव्यात आणि तारीख प्रोग्रामने घड्याळातून थेट न घेता ती बाहेरून द्यावी. तुलनेपूर्वी तारखेच्या जागी फुल्या घालण्याची पद्धत सोपी असली तरी मला ती पसंत नाही: सर्व्हर यूटीसी या, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या, जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल, तर आपल्याकडे रात्री 12 ते पहाटे 5.30 या वेळेत काढलेल्या पट्टीवर आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि फुल्यांखाली नेमकी हीच चूक झाकली जाते.

मराठी मजकुरात आणखी एक अडचण येते. ‘शेतकऱ्याचे नाव’ या मथळ्यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असल्याने चाचणी पडते. हा फरक चाचणीत दुर्लक्षित न करता प्रोग्रामनेच फाइल लिहिताना सर्व मजकूर एनएफसी या प्रमाण रूपात आणावा, ज्यात असा ‘ऱ’ नेहमी एकाच चिन्हाने लिहिला जातो, कारण नावाने शोधतानाही तोच फरक आडवा येतो. विंडोजवर गिट ओळ संपल्याची अदृश्य चिन्हे बदलू शकते. स्नॅपशॉटच्या फाइलींना तसा बदल करू नये, हे गिटॲट्रिब्यूट्स या गिटच्या सूचनांच्या फाइलमध्ये नोंदवून ठेवावे.

पीडीएफमध्ये निर्मितीची वेळ आणि एक्सेलच्या फाइलमध्ये (ती आतून झिप फाइलच असते) झिपचे वेळशिक्के असतात, म्हणून त्या बाइटनिहाय ताडू नयेत. त्यांतील मजकूर किंवा पेशींतील मूल्ये साध्या मजकुरात काढून त्याचा स्नॅपशॉट ठेवावा.

चाचणी पडल्यावर काय करावे, हे मी एका चुकीतून शिकलो. पट्टीच्या शीर्षकात पेढीचा नवा पत्ता घातला तेव्हा सर्व चाचण्या एकदम पडल्या. कारण उघड आहे असे समजून मी एकाच आज्ञेने सारे स्नॅपशॉट अद्ययावत केले. त्याच बदलात तोलाई पोत्यांऐवजी क्विंटलवर मोजली जाऊ लागली होती आणि ती चूक आता बरोबर म्हणून नोंदली गेली. दिवाणजींनी ती छापील पट्टीवर पकडली. तेव्हापासून मांडणीतला बदल आणि हिशोबातला बदल आम्ही वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधील बदलाच्या वेगळ्या नोंदीत, ठेवतो. पत्ता बदलणाऱ्या कमिटच्या डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, पत्त्याखेरीज एकही ओळ दिसली तर ते कमिट परत पाठवले जाते.

सीआय सर्व्हरवर, म्हणजे प्रत्येक बदलानंतर सर्व चाचण्या आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर, नवा स्नॅपशॉट कधीही लिहू देऊ नये. जेस्ट या चाचणीच्या साधनात त्यासाठी सीआय नावाचाच पर्याय आहे; तो दिला की नसलेला स्नॅपशॉट गुपचूप तयार होत नाही, चाचणी पडते आणि नव्या प्रकारची पट्टी आधी दिवाणजींच्या टेबलावर न्यावीच लागते.