नराराची ओहोटी आणि आजीचे बूट

नराराला सहकुटुंब जायचं तर सगळ्यात आधी तारीख, आणि ती पंचांग उघडून ठरवायची. शाळेच्या सुट्ट्या नंतर बघा. नरारा म्हणजे जामनगरच्या पुढे, वाडीनारजवळ, कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठावरचा प्रवाळाचा सपाट पट्टा. 1982 साली जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. इथे होडी लागत नाही. ओहोटीला पाणी मागे हटलं की माणसं पायीच आत जातात आणि घोटाभर पाण्यात ऑक्टोपस, फुगणारे मासे, समुद्रफुलं, खेकडे, समुद्रकाकड्या आपापल्या घरी दिसतात. काच नसलेलं मत्स्यालय म्हणा, पण ते रोज सारखं उघडत नाही.

अष्टमीच्या आसपास भांगाची ओहोटी असते, पाणी धड उतरतच नाही, बडोद्याहून चारशे किलोमीटर जाऊन तिवरं बघून परत यावं लागेल. उधाणाचे दिवस धरा, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे. त्यातही नेमक्या पौर्णिमेला त्या बाजूला पाणी तळाला जातं ते साधारण सकाळी साडेसहा-सातला, आणि थंडीत तेव्हा नीट उजाडलेलंही नसतं. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सहकुटुंब जायला सोयीचे: पाणी आठ ते दहाच्या दरम्यान तळाला, उजेड स्वच्छ, ऊन अजून सोसण्यासारखं. मुंबईचे नातेवाईक तिथीच्या पाऊणपटीचं गणित सांगतील, तिथी गुणिले तीन भागिले चार की भरतीची वेळ. ते मुंबईच्या किनाऱ्यापुरतं ठीक आहे. कच्छच्या आखातात पाणी जसजसं आत शिरतं तसतशी वेळ मागे पडत जाते आणि चढउतार वाढत जातो, त्यामुळे ओखा बंदराची वेळसुद्धा वाडीनारला जशीच्या तशी लागू होत नाही. भरती-ओहोटीचा तक्ता वाडीनारचा किंवा जवळच्या सिक्का बंदराचाच बघा. त्यात ओहोटीच्या उंचीचा आकडा 1 मीटरच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर दिवस चांगला. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळा नको, पाणी गढूळ असतं.

तारीख ठरली की त्याच संध्याकाळी आजीच्या पायाचं माप घ्या.

हे हसण्यावारी नेऊ नका. मुलांना शाळेचे जुने बूट असतात, बाबांचे चालायला जायचे असतात, आईचे कुठेतरी माळ्यावर असतात. आजीकडे असतात चपला. त्या चपलांवर ती लग्नं, तीर्थयात्रा आणि दांडिया बाजारातली रोजची भाजी असं सगळं निभावते, म्हणून तिच्या बुटांचा विचार कोणाच्या डोक्यात येतच नाही. नराराच्या फाटकाशी बूट विकत मिळत नाहीत, भाड्याने मिळतील या भरवशावरही राहू नका. मग आजी तीन-चार तास गाडीत, काच खाली करून, आणि बाकी सगळे ऑक्टोपस बघायला.

चपला का चालत नाहीत ते नीट समजून घ्या, कारण ती वाद घालणार आहे. सुरुवातीचा पट्टा चिखलाचा. पाय उचलला की चिखल चपलेला धरून ठेवतो आणि चपलेचा अंगठा तुटतो. त्यापुढे तिवरांची श्वासमुळं जमिनीतून उभी पेन्सिलीसारखी वर आलेली, आणि मग खडक, त्यावर कालवांच्या आणि बार्नेकलच्या (खडकाला चिकटून राहणारे बारीक कवचाचे जीव) धारा. पाऊल घसरलं की कापते ती पावलाची बाजू, आणि चपलेत नेमकी तीच उघडी. प्रवाळाची जखम दिसायला खरचटल्यासारखी असते पण आत बारीक कण राहतात, म्हणून चिघळते आणि भरायला वेळ घेते. आजीला मधुमेह असेल तर पावलाला बधिरपणा असू शकतो, लागलेलं तिला तिथे कळणारसुद्धा नाही. हे एवढं एक कारण पुरे.

भोकाभोकांचे रबरी क्रॉक्स नकोत, त्यात वाळू भरते आणि खोल पाण्यात ते निघून तरंगत जातात. गमबूटही नकोत, वरून पाणी शिरलं की प्रत्येक पाय बादली होतो. हवेत ते साधे कॅनव्हासचे, नाडीचे, पातळ पण खाचा असलेल्या रबरी तळव्याचे. मंगळ बाजारात मिळतात. आयुष्यभर चपला घातलेलं पाऊल पुढे पसरट झालेलं असतं, त्यामुळे बायकांच्या बुटात ते मावत नाही. सरळ पुरुषांचा नंबर बघा आणि जाड मोजे घालूनच मापाला लावा. आणून कपाटात ठेवू नका. निदान चार दिवस आधीपासून सकाळी कमाटीबागेत तेच घालून फिरू द्या, म्हणजे चावायचे असतील तर इथेच चावतील. "मी काही येत नाही त्या चिखलात, मी आपली गाडीत बसते," असं ती म्हणेल, आणि घाईत असलेले तुम्ही ते लगेच मान्य कराल. करू नका.

बाकी कपडे: तिची नऊवारी असेल तर उत्तम, कासोटा गुडघ्याशी राहतो आणि चालायला मोकळा. पाचवारी असेल तर सलवार-कमीज. जीन्स कोणीच घालू नये, भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात. पूर्ण बाह्यांचा पातळ सुती शर्ट सगळ्यांना. टोपीला गळ्याखाली बांधायची दोरी हवी, वारा भलता असतो. आजीची काठी असेल तर तिच्या टोकाचं रबर चिखलात राहतं, ते चिकटपट्टीने गुंडाळून घट्ट करा.

कमाटीबागेत जाताच आहात तर मुलांना संग्रहालयातला निळ्या देवमाशाचा सांगाडा पुन्हा दाखवून आणा, 22 मीटरच्या आसपास लांबीचा आहे. नंतर नराराला तीन सेंटिमीटरचा खेकडा बघताना त्यांना समुद्राचा आवाका कळतो. नाही जमलं तरी काही बिघडत नाही.

सामानात एक पारदर्शक, सपाट तळाचा प्लास्टिकचा डबा घ्या, केक किंवा मिठाई येते तसला. झाकण नको. वाऱ्याने पाण्यावर सारखी लहर असते आणि वरून बघितलं की नुसती चकाकी दिसते. डब्याचा तळ पाण्यावर अलगद दाबायचा आणि वरून डब्यात बघायचं. लहर आणि चकाकी दोन्ही जातात. समुद्रफुलाचे एकेक आखूड हात वेगवेगळे दिसतात, मधलं तोंड दिसतं. ऑक्टोपस शोधायचा तर भोकाच्या तोंडाशी खेकड्यांच्या रिकाम्या कवचांचा आणि शिंपल्यांचा ढीग बघा, तो त्याचा उकिरडा असतो. डबा दाबून थोडं थांबलं तर आत काहीतरी फुगताना-बसताना दिसतं. तो त्याचा श्वास.

टीव्हीवरची रंगीबेरंगी, शिंगांसारखी पोवळी इथे मिळणार नाहीत हे मुलांना आधीच सांगा. इथली पोवळी गोल घुमटासारखी, करडी, तपकिरी, पटकन दगड वाटणारी. म्हणूनच त्यांच्यावर पाय पडतो. चालायचं वाळूवर किंवा मोकळ्या खडकावर. जिवंत प्रवाळावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांना ओरडायला लाजू नका.

औषधाच्या पिशवीत जंतुनाशक, बँडेज, चिमटा, आणि जखम धुवायला साध्या स्वच्छ पाण्याची एक बाटली. धनुर्वाताचं इंजेक्शन कोणाचं कधी झालंय ते घरी विचारून घ्या. थर्मासमध्ये चहा नको, नुसतं गरम पाणी. वाळूत पाकट लपलेली असू शकते. म्हणून वाळूत पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत सरकवायचे, म्हणजे ती आधीच पळते. तरी काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते. पाण्यात आधी मोठ्या माणसाने आपला हात घालून बघायचा. काटा आत मोडला असेल तर उपटत बसू नका, जामनगरला दवाखान्यात. शंकूसारखे नक्षीदार शंख कितीही सुंदर दिसले तरी हातात घ्यायचे नाहीत, त्यातले काही विषारी असतात.

पिण्याचं पाणी माणशी एक लिटर अंगावर, शिवाय पाच-पाच लिटरचे दोन कॅन गाडीत पाय धुवायला. खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लीलो चिवडा. वाडीनारकडे वळल्यावर हॉटेलच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र, सुटे पैसे. आदल्या दिवशी वन खात्याच्या जामनगरच्या कार्यालयात फोन करून प्रवेश सुरू आहे ना ते विचारा.

निघायच्या आधी डिकी उघडून माणसं मोजा आणि बुटांचे जोड मोजा. आकडा सारखा आला पाहिजे. आजीचे बूट "ती घालूनच येईल" असं समजून सोडू नका. ती गाडीत बसताना चपलाच घालणार, प्रवासात त्या बऱ्या म्हणून. बूट डिकीत, तुमच्या हाताने ठेवलेले, डोळ्यांनी बघितलेले.

मुक्काम आदल्या रात्री जामनगरलाच. वासद, तारापूर, वटामण, बगोदरा, चोटिला, राजकोट हा रस्ता धरला तर अहमदाबादची गर्दी टळते. तरी मुलं आणि आजी बरोबर असताना आठ-नऊ तास धराच. सकाळी जामनगरहून नरारा साधारण 60 किलोमीटर, खंभाळियाच्या रस्त्याने. ओहोटीच्या तक्त्यातल्या वेळेच्या दोन तास आधी फाटकाशी पोचायचं. शौचालय जामनगरला किंवा फाटकाशी, आत गेल्यावर काही नाही. वाटाड्या घ्याच, पैसे आधी ठरवून. तो नसेल तर निम्मं दिसत नाही आणि खोल नाळी कुठे आहेत तेही कळत नाही.

वाटाड्याला आधीच सांगा की फुगणारा मासा पाण्याबाहेर काढून फुगवून दाखवू नको. मुलं टाळ्या वाजवतात, पण पाण्याऐवजी हवा आत गेली की माशाला ती बाहेर टाकणं अवघड जातं. समुद्रकाकडी दाबली तर ती आतडी बाहेर टाकते. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवायचा, खालच्या जिवांना उन्हात ठेवायचं नाही. शंख, शिंपला, पोवळ्याचा तुकडा, काहीही खिशात टाकायचं नाही. पोवळी आणि समुद्रकाकडी दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेल्या पोवळ्याचा तुकडासुद्धा प्रकरण होऊ शकतो.

परत फिरायची वेळ म्हणजे तक्त्यातली ओहोटीची वेळ. फार तर वीस मिनिटं पुढे, त्याहून एक मिनिट जास्त नाही. खलाशांचा हिशेब असा: भरतीच्या पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढं पाणी वाढतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन. चढ 4 मीटरचा असेल तर पहिल्या तासात 33 सेंटिमीटर, दुसऱ्यात 67, तिसऱ्यात पूर्ण मीटर. शिवाय पाणी समोरून लाटेसारखं येत नाही, ते आधी नाळींतून तुमच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला भरतं. वर आजीचा वेग तुमच्या निम्मा, म्हणजे निघायचं तिच्या हिशेबाने. बुटाची नाडी सुटली असेल तर थांबून दुहेरी गाठ मारा, तशीच ओढत आणू नका.

बाहेर आल्यावर पाय गोड्या पाण्याने, बोटांच्या मधून, आजीचे तर नीट उजेडात तपासून. बूट प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून. घरी दोनदा गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा, नाहीतर वास जात नाही.

दुपारी अंगात त्राण उरलं तर खिजडियाचं पक्षी अभयारण्य, जामनगरपासून दहा-बारा किलोमीटर. बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी, दुसरीकडे खारं, दोन्हीकडचे पक्षी वेगळे. दुर्बीण घ्या. नाही जमलं तर सोडून द्या. त्याच रात्री बडोद्याला परतायचा हट्ट असेल तर गाडी चालवणाऱ्याला दुपारी दोन तास झोपू द्या, आणि राजकोटच्या पुढे चहाला थांबाच.