फंक्शनल स्कॅन एमएनआयवर तिरका बसत होता, तो असा सरळ झाला

फंक्शनल स्कॅन (मेंदूचं काम टिपणारा एमआरआय) त्याच माणसाच्या टी१वर (मेंदूची रचना दाखवणारा एमआरआय) नीट बसायचा, टी१ एमएनआयवर (प्रमाण मेंदूचं टेम्प्लेट) नीट. पण दोन्ही ट्रान्सफॉर्म (एक चित्र दुसऱ्यावर बसवणारी रूपांतरं) जोडले की कपाळ कवटीबाहेर. रजिस्ट्रेशन (ही रूपांतरं शोधणं) तीनदा नव्याने चालवलं. दोन टप्प्यांत रिसॅम्पल केलं (चित्र नव्या जाळीवर पुन्हा मांडलं), तर चित्र धुरकट. ऐरोली-ठाणे लोकलमध्येही डोक्यात तेच, नुसता वैताग.

घोळ क्रमाचा निघाला. अँट्स या चित्रं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अप्लाय-ट्रान्सफॉर्म्स कमांडमध्ये शेवटी लिहिलेला ट्रान्सफॉर्म सर्वांत आधी लागतो. म्हणून: इनपुट फंक्शनल, रेफरन्स एमएनआय, मग डॅश-टी (-t, ट्रान्सफॉर्म देणारा पर्याय) टी१-ते-एमएनआय वार्प (जागोजागी वेगळं ताणणारा), डॅश-टी त्याचाच अफाइन (सगळं चित्र एकाच नियमाने हलवणारा), आणि शेवटचा डॅश-टी फंक्शनल-ते-टी१ अफाइन. तिन्ही एकाच कमांडमध्ये, म्हणजे इंटरपोलेशन (मधल्या किमतींचा अंदाज, त्यानेच चित्र धुरकट होतं) एकदाच होतं. फाइल चार मितींची (चौथी मिती वेळ) असेल तर डॅश-ई ३ (-e 3, ही वेळेनुसारची मालिका आहे असं सांगणारा पर्याय) हवंच (हे मी विसरलो होतो, अर्थात).

आता व्हेंट्रिकल्सच्या (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या) कडा टेम्प्लेटवर बरोब्बर बसतात.