अभ्यासात लक्ष नाही? आधी दाढा बघा, आणि या चुका टाळा

डबा अर्धा परत आलेला, त्यात पोळीचे काठ तसेच. दुपारच्या तासाला पोर गालाला हात लावून बसलेलं. असं मूल वर्गात दिसलं की शेरा ठरलेला असतो: "लक्ष नसतं." कामचुकार, मोबाइलवेडं, सगळं म्हणून होतं. तोंड उघडून बघायचं मात्र कुणाला सुचत नाही.

"दुधाचे दात, पडणारच आहेत की!"

सगळ्यात महागात पडणारी समजूत ही. पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकतात. म्हणजे जवळजवळ अख्खी प्राथमिक शाळा त्यांच्यावरच काढायची असते. कीड दाढेच्या आतल्या नसेला भिडली की दाढ ठणकायला लागते, आणि आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब वाढून ठणका वाढतो. रात्रभर कूस बदलणाऱ्या मुलाकडून सकाळी पाढे कसे म्हणवून घेणार? शिवाय लहान मूल "दाढ दुखते" असं सांगेलच असं नाही. ते एकाच बाजूने चावतं, गार पाणी टाळतं, भाकरी नको म्हणतं आणि भात मागतं.

मग एके दिवशी ठणका आपोआप थांबतो आणि घरचे निर्धास्त होतात. बऱ्याचदा तेव्हा नस मेलेली असते, बरं काहीच झालेलं नसतं. हिरडीवर पुटकुळी दिसली तर आत पू आहे असं समजा. दाढेत वेदनाशामक गोळी दाबून ठेवणं किंवा लवंगतेलाचा बोळा कोंबणं, दोन्हींनी हिरडी भाजू शकते.

सहाव्या वर्षीची दाढ कुणी मोजत नाही

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते. ती यायला कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे तीही दुधाचीच वाटते. ती कायमची असते. मोबाइलचा टॉर्च लावून मधल्या रेषेपासून मागे मोजा: सहावा आकडा तिचा. तिच्या खाचा खोल असतात, कीड लवकर धरते. दंतवैद्याकडे त्या खाचा सीलंटने, म्हणजे दाढेवरच्या पातळ संरक्षक लेपाने, बुजवून मिळतात.

"शाळा बुडेल, दिवाळीच्या सुट्टीत बघू"

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या मुलांचा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. दातदुखीमुळे शाळा बुडवणाऱ्यांची शालेय कामगिरी खालावलेली आढळली. नेहमीच्या तपासणीसाठी रजा घेणाऱ्यांच्या बाबतीत तसा संबंध दिसला नाही. अर्ध्या दिवसाच्या रजेला घाबरून काय मिळवतो आपण?

दप्तरातली चिठ्ठी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते, दातही बघतात, पुढचे उपचारही मोफत असतात. पण तपासणीनंतरची, पुढच्या उपचारासाठी पाठवणारी संदर्भ चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडते. शिक्षकांनी ती पालकांच्या हातातच द्यावी.

ब्रशचं थोडक्यात: सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यावं. रात्रीचं तर चुकवूच नये, कारण चहात बुडवलेलं बिस्किट खाचांत चिकटून बसतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नको. घासून झालं की फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. आयुष्यभर खळखळून चुळा भरलेल्या मला हे पटायला वेळच लागला.