दारुड्याची गोष्ट लिहिताना बाटली उशिरा काढा

माझ्या एका कथेत घड्याळजी होता. पहिल्या खर्ड्यात तो पाच पानांत नऊ वेळा प्यायचा, दोनदा पडायचा, बायकोवर हात उगारायचा आणि शेवटी मरायचा. मैत्रिणीने वाचलं नि म्हणाली, "हा पहिल्याच ओळीत संपलाय गं. पुढे कशाला वाचू?" मला राग आला, पण तिचं खरं होतं. माणूस घसरायचा तर आधी कुठेतरी नीट उभा हवा.

तेव्हापासून मी सुरुवात उलटीकडून करते. दारू त्याच्याकडून काय हिरावून घेते हे नंतर. ती त्याला काय देते, ते आधी ठरवायचं. रोज भरपूर पिणाऱ्याच्या अंगाला तिची इतकी सवय होते की शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते १२ तासांत हात थरथरू लागतात. म्हणजे नेमके सकाळी, कामाच्या वेळी. दुसऱ्या खर्ड्यात मी एवढंच लिहिलं: चिमट्यातला तिळाएवढा स्क्रू दोनदा निसटतो. घड्याळजी मागच्या खोलीत जाऊन येतो. आता स्क्रू एका झटक्यात बसतो. समोरचं गिऱ्हाईक म्हणतं, "हात काय स्थिर आहे हो तुमचा!" यानंतर बाटली दाखवायची गरजच उरली नाही.

दुसरं, त्याला स्वतःचा एक नियम द्या. 'सातच्या आधी नाही.' मग नियमाला हळूच वाकवा. सातचं 'अंधार पडल्यावर' होतं. मग एका ढगाळ दुपारी दुकानात दिवे लावावे लागतात. लघुकथेत दहा वर्षांची वाताहत मावत नाही. असा एक नियम मात्र मावतो. अमेरिकन लेखक फिट्झजेराल्डच्या १९३१ सालच्या 'बॅबिलॉन रिव्हिजिटेड' या कथेतला चार्ली दिवसाला एकच पेग घेतो आणि तो नियम पाळतोही. त्याला बुडवतं ते वेगळंच: सुरुवातीला बारमध्ये जुन्या मित्रासाठी सहज ठेवलेला मेहुणीच्या घराचा पत्ता. मुलीचा ताबा मिळायच्या बेतात असताना जुने प्यायचे सोबती त्याच दारात येऊन उभे राहतात. बाटलीऐवजी चिठ्ठी. हे मी कितीदा वाचलंय, तरी दर वेळी हेवा वाटतो.

संवादांत 'दारू' हा शब्द शक्यतो टाळा. घरची माणसं तो उच्चारत नाहीतच. "घेऊन आलाय." "परत सुरू केली वाटतं." "आज जास्त झालीय." कर्म गाळलेलं असतं आणि सगळ्यांना कळतं. बायकोचं खोटंही असंच लहान ठेवा: "ताप आहे त्यांना, झोपलेत." ती हे वाक्य किती सराईतपणे म्हणते, त्यावरून वाचक वर्षं मोजतो.

निवेदक स्वतः पिणारा असेल तर त्याचा युक्तिवाद चोख ठेवा. आपण खोटं बोलतोय हे त्याला कळत असल्याच्या खुणा पेरू नका. तोल जाणं, जीभ अडखळणं वगैरे नाटकी आहे. मुरलेला पिणारा बराच काळ शुद्धीतच दिसतो. त्यापेक्षा स्मृतीची भोकं वापरा. अतिमद्यपानात माणूस चालतो, बोलतो, वचनंही देतो, पण मेंदू ते साठवत नाही. सकाळी बायको विचारते, "मग कधी निघायचं?" आणि तो कुठे जायचंय याचा अंदाज घेत "बघू" म्हणतो.

आणि कृपा करून त्याला एका रात्रीत सोडायला लावू नका. जबर सवयीच्या माणसाने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होतात, जीवही जाऊ शकतो. 'बाटली फोडली आणि पहाट झाली' हे लिहिणाऱ्याला मी दोन चहा पाजून परत पाठवते.

माझा घड्याळजी आता मरत नाही. तो दुरुस्त केलेलं घड्याळ परत देतो. गिऱ्हाईक ते कानाला लावतं, क्षणभर थांबतं, मुकाट पैसे ठेवतं आणि काही न बोलता निघून जातं.